सरकारी काम, नऊ महिने थांब

सरकारी काम अन् सहा महिने थांब, ही म्हण मराठी माणसाने अनुभवातून घडवली आहे. जमिनीची मोजणी असो, वारसाची नोंद असो किंवा विहिरीवरची वीजजोडणी. सहा महिन्यांचे नऊ झाले, नऊचे अठरा झाले, तरी काम आज ना उद्या होईल या आशेवर माणूस कळ काढतो. गर्भारपणाचे तसे नाही. तिथे मुदत निसर्गाने ठरवलेली असते. पोटातल्या बाळाला सहाव्या महिन्यात जे अन्न मिळायला हवे, ते त्याच्या पहिल्या वाढदिवशी आईच्या खात्यात जमा होऊन उपयोग नसतो. बाळंतिणीच्या आणि गरोदर स्त्रीच्या नावाने राबवल्या जाणाऱ्या सरकारी योजनांची परीक्षा घ्यायची तर ती याच एका कसोटीवर घ्यायला हवी: पैसा आणि सेवा वेळेवर पोहोचली का? पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत ही कसोटी लावून पाहिली, तर दोष कुणा एका कर्मचाऱ्याचा किंवा कार्यालयाचा नसून योजनेच्या बांधणीतच असल्याचे दिसते.

महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातले गाव. पुणेकरांना म्हाळुंगे म्हटले की बालेवाडीच्या शेजारचे आठवते, उद्योजकांना चाकणजवळचे, हे तिसरे. हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे हे जन्मगाव. १९०८ मध्ये येथे जन्मलेला हा तरुण मुंबईच्या गिरणीत कामाला गेला आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली चिरडला गेला. हा इतिहास शाळेत शिकवला जातो. त्याच काळात त्याच गिरण्यांच्या संदर्भात आणखी एक गोष्ट घडली होती. ती मात्र फारशी कुणाच्या लक्षात नाही. गिरणीत काम करणाऱ्या बायकांना बाळंतपणात भरपगारी विश्रांती मिळावी, यासाठीचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळासमोर आले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. तो भार बऱ्याच अंशी सरकारने उचलायला हवा, हे मान्य करूनच त्यांनी मालकाला त्यातून सुटका नाही, असे बजावले होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला कायदा. मुंबई शहरातल्या कामगार स्त्रीला त्याने दिवसाला आठ आणे देऊ केले.

म्हणजे आंबेगाव-जुन्नरच्या खेड्यांतून मुंबईला जाऊन गिरणीत लागलेल्या बाईला जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी जो हक्क मिळाला, तो गावात राहून खुरपणी करणाऱ्या तिच्या जावेला मिळायला २०१३ साल उजाडावे लागले. कारण शेतमजूर बाईला एक मालक नसतो. आज या शेतात, उद्या त्या शेतात. रजा मागायची कोणाकडे आणि पगार द्यायचा कोणी?

याचे उत्तर संसदेने २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात दिले. या कायद्याचे कलम ४ वाचले तर त्यात संदिग्ध असे काही नाही. सरकारी नोकरीतल्या किंवा दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया वगळता प्रत्येक गरोदर स्त्रीला आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मिळतील, असे ते म्हणते. कितवे मूल, ही अट कलमात नाही. प्रत्यक्षात काय झाले? अमरावती आणि भंडारा या जिल्ह्यांत २०१० पासून 'इंदिरा गांधी मातृत्व सहयोग योजना' प्रयोग म्हणून सुरू होती. कायदा झाल्यावरही अनेक वर्षे प्रयोग हा प्रयोगच राहिला. ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री, नोटाबंदीनंतरच्या भाषणात पंतप्रधानांनी देशभरासाठी सहा हजारांची घोषणा केली आणि १ जानेवारी २०१७ पासून 'प्रधानमंत्री मातृ वंदना योजना' लागू झाली. योजना कागदावर उतरेपर्यंत सहाचे पाच हजार झाले होते, 'प्रत्येक' स्त्रीची जागा 'पहिल्या जिवंत अपत्याच्या आई'ने घेतली होती आणि रक्कम तीन हप्त्यांत विभागली गेली होती. उरलेला हजार रुपयांचा फरक जननी सुरक्षा योजनेतून भरून निघेल आणि सरासरी सहा हजार होतील, असा हिशेब सांगण्यात आला.

हा हिशेब महाराष्ट्रात करून पाहावा. २००५ मध्ये सुरू झालेल्या जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यात ग्रामीण भागातल्या स्त्रीला दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात, शहरात ६००. आणि तेही ती दारिद्र्यरेषेखालची, अनुसूचित जातीची किंवा जमातीची असेल तरच. पाच हजार अधिक सातशे म्हणजे पाच हजार सातशे. सर्व अटी पार करून, सर्व हप्ते वेळेवर घेऊनसुद्धा आंबेगावातली आदिवासी माता संसदेने दिलेल्या शब्दापेक्षा तीनशे रुपयांनी मागेच राहते. रक्कम क्षुल्लक आहे, हे खरे. पण कायद्यातला 'किमान' हा शब्द एवढ्या सहजपणे ओलांडला जाऊ शकतो, हे क्षुल्लक नाही.

पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच आहे आणि ती दिल्लीत बसून लक्षात येणे अवघड होते. पहिल्या अपत्याला लाभ देणारी ही योजना आणि पहिले बाळंतपण माहेरी करण्याची मराठी रीत यांची एकमेकींशी कधी गाठच घालून दिली गेलेली नाही. समजा, महाळुंगे पडवळच्या परिसरात एक मुलगी लग्न होऊन आली. माहेर जुन्नरच्या पश्चिमेला किंवा शेजारच्या अकोले तालुक्यात. पाळी चुकली तरी तीन महिने होईपर्यंत बोलायचे नाही, अशी घराची शिकवण. योजनेचे घड्याळ मात्र शेवटच्या पाळीच्या तारखेपासून सुरू झालेले असते. २०१७ च्या नियमांत गर्भारपणाची नोंद १५० दिवसांत करायची होती. १ एप्रिल २०२२ पासून 'मिशन शक्ती'खाली योजनेची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात हप्ते दोन झाले: सहा महिन्यांच्या आत नोंदणी आणि एक तपासणी झाल्यावर तीन हजार, बाळाच्या जन्माची नोंद आणि साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी पूर्ण झाल्यावर दोन हजार. सुधारणा स्वागतार्हच म्हणायला हवी. पण मुलगी सासरी नोंद करते, आशा कार्यकर्ती तिचे कार्ड बनवते, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि ती माहेरी जाते. बाळंतपण तिकडे. जन्माची नोंद कायद्यानुसार जिथे जन्म झाला तिथे, म्हणजे तिकडेच. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसीही तिकडेच. बाळ चार-पाच महिन्यांचे झाल्यावर ती परत येते, तेव्हा तिची अर्धी कागदपत्रे एका तालुक्यात असतात आणि अर्धी दुसऱ्या. कार्ड दाखवून कुठूनही पुढचा हप्ता मागण्याची सोय नियमांत आहे. पण ती सोय आहे हे त्या मुलीला, तिच्या सासूला आणि माहेरच्या अंगणवाडीताईला एकाच वेळी ठाऊक असावे लागते. शिवाय अर्जाची अखेरची मुदत बाळाच्या जन्मापासून २७० दिवस. गर्भारपणाइतकीच, योगायोगाने!

त्यात लग्नानंतर नाव बदलते. आधार कार्डावर वडिलांचे नाव आणि आडनाव, बँक खात्यावर शाळेत शिष्यवृत्तीसाठी घातलेले नाव, माता-बालक संरक्षण कार्डावर नवऱ्याचे नाव. माहेरच्या शिधापत्रिकेतून नाव कमी केल्याशिवाय सासरच्या शिधापत्रिकेवर चढत नाही. पात्रतेसाठी शिधापत्रिका चालते, ई-श्रम कार्ड चालते, आयुष्मान कार्ड चालते, आठ लाखांखालच्या उत्पन्नाचा दाखलाही चालतो. यादी उदार आहे. मात्र नव्या सुनेच्या स्वतःच्या नावावर, चालू पत्त्यासह यातले नेमके काय असते? उत्पन्नाचा दाखला हवा तर तहसील घोडेगावला. जातीचा दाखला हवा तर प्रांत कार्यालय मंचरला. आधारमधले नाव दुरुस्त करायचे तर केंद्र जिथे असेल आणि त्या दिवशी चालू असेल तिथे. एसटीने जायचे, रांगेत उभे राहायचे, एक कागद कमी पडला म्हणून परत यायचे. हेलपाटा हा शब्द ज्याला समजतो, त्याला सातव्या महिन्यातला हेलपाटा वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. त्या प्रत्येक फेरीला एक दिवसाची मजुरी बुडते आणि बहुतेक वेळा सोबत आलेल्याचीही. पहिल्या आवृत्तीत तर नवऱ्याचेही आधार कार्ड सक्तीचे होते. नवऱ्याने सोडलेली, विधवा किंवा लग्नाविना आई होणारी स्त्री या एका ओळीने बाहेर पडत होती. ती अट दुसऱ्या आवृत्तीत गेली, हे बरे झाले.

कागद जुळले तरी पैसे कुठे जातील, याची खात्री नसते. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जाते आणि एकापेक्षा जास्त खाती असतील तर सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात. ते खाते कोणते, हे बाईला अनेकदा माहीतच नसते. मोबाईलचे सिम घेताना अंगठा दिला आणि त्यातून नवे खाते उघडले गेले, असे प्रकार २०१७ मध्ये देशभर गाजले होते. एका दूरसंचार कंपनीच्या पेमेंट बँकेत लाखो ग्राहकांचे गॅस अनुदान त्यांच्या नकळत वळते झाले होते. पोर्टलवर 'रक्कम अदा' असे दिसते आणि पासबुकात काही नसते, तेव्हा आशा कार्यकर्ती काय उत्तर देणार? २०२५ पासून त्यावर चेहरा पडताळणीची आणखी एक पायरी आली आहे. मातृ वंदनेच्या नव्या नोंदणीलाही आणि अंगणवाडीतून घरी नेण्याच्या शिध्यालाही. आधारवरचा चेहरा पंधराव्या वर्षी काढलेला, समोरची मुलगी बावीस वर्षांची, गर्भारपणाने चेहऱ्यावर सूज आणि डिंभे धरणाच्या वरच्या वाड्या-वस्त्यांत मोबाईलला धड रेंज नाही. डिजिटल व्यवहाराने गैरप्रकार कमी झाले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बोगस लाभार्थी पकडण्यासाठी लावलेली चाळणी खऱ्या लाभार्थींनाही अडवत असेल, तर ती किती जणींना अडवते हे मोजण्याची व्यवस्थाही त्याच पोर्टलवर हवी होती.

दुसऱ्या अपत्याबाबतचा नियम तर अधिक विचार करायला लावणारा आहे. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी झाली तर सहा हजार रुपये एकरकमी मिळतात. मुलींच्या जन्माचे स्वागत व्हावे, हा हेतू चांगलाच. पण गर्भलिंग तपासणीला देशात बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यामुळे आपण पात्र आहोत की नाही हे आईला बाळंत झाल्यावरच कळणार. संपूर्ण गर्भारपणात तिला एक पैसाही मिळत नाही. मुलगा झाला तर त्यानंतरही नाही. बाळंतपणाची कळ मुलासाठी वेगळी आणि मुलीसाठी वेगळी असते काय? विश्रांती आणि आहार यासाठीचा पैसा लोकसंख्येच्या प्रमाणाचे हत्यार म्हणून वापरला गेला आणि मूळ कायद्यातली 'प्रत्येक गरोदर स्त्री' पुन्हा एकदा बाजूला राहिली. तिसऱ्या खेपेच्या आईचा तर विषयच नाही. रक्तक्षयाने सर्वाधिक झिजलेली तीच असण्याची शक्यता असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या ४५ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता.

आंबेगाव-जुन्नरचे वैशिष्ट्य असे की, येथे एकाच तालुक्यात दोन जगे आहेत. डिंभे धरणाच्या पाण्याने पूर्व भाग बागायती झाला. ऊस, कांदा, टोमॅटो आणि भाजीपाल्याने मंचर आणि नारायणगावच्या बाजारपेठा उभ्या केल्या. पश्चिमेकडे, भीमाशंकरच्या डोंगरांत, भातशेतीवर जगणारा महादेव कोळी समाज. भात निघाला की तिथल्या बायका-पुरुष कामासाठी पूर्वेकडे उतरतात. हिवाळ्यात आणखी लांबून, बीड आणि अहिल्यानगरकडून, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या परिसरात येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून मार्च-एप्रिलात परतणाऱ्या या बायकांचे गर्भारपण गाव आणि फड यांच्यामध्ये वाटले जाते. नोंद गावच्या अंगणवाडीत, पोट फडावर. आदिवासी भागासाठी महाराष्ट्राने २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना चालवली आहे; गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दिवसाला एकदा गरम, चौरस जेवण. ही योजना चांगली आहे, कारण तिच्यात हप्ता नाही आणि ओटीपी नाही. बाई येते आणि जेवते. अर्थात, ज्या दिवशी ती चाळीस किलोमीटरवर कांदा काढायला गेलेली असते, त्या दिवशी ताट तिच्यापर्यंत जात नाही. इमारत बांधकाम कामगार मंडळाकडे नोंदलेल्या स्त्रीला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५ हजार आणि शस्त्रक्रियेसाठी २० हजार रुपये मिळतात. शेतमजूर स्त्रीसाठी असे मंडळ नाही. चाकणच्या बांधकामावर पाट्या वाहणारी आणि महाळुंग्याच्या रानात कांदा काढणारी यांच्या घामात फरक नाही. फरक आहे तो एकीच्या मागे उपकराचा निधी आहे एवढाच.

अटींच्या बाजूनेही बोलले जाते आणि ते ऐकायला हवे. लवकर नोंदणी, तपासणी आणि लसीकरण यांना पैसा जोडला की लोक दवाखान्याकडे वळतात, असा हा युक्तिवाद आहे. जननी सुरक्षा आणि २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानंतर दवाखान्यातली बाळंतपणे वाढली, यात शंका नाही. पण महाराष्ट्रात वरील पाहणीनुसारच सुमारे ९५ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. म्हणजे ज्या सवयीसाठी गाजर दाखवायचे ती सवय बऱ्याच अंशी लागलेली आहे. त्याच पाहणीत पहिल्या तीन महिन्यांत तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्या स्त्रिया तपासणीला आल्या नाहीत त्या पाच हजारांचा मोह कमी पडला म्हणून, की दिवस बुडवून जाणे परवडले नाही म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर पैसा तपासणीच्या आधी हातात पडायला हवा. कामगिरी पूर्ण झाल्यावर मिळणारे बक्षीस त्या कामगिरीचा खर्च आधी भागवू शकत नाही.

आणि पाच हजारांची किंमत तरी किती उरली आहे? रोजगार हमीचा महाराष्ट्रातला मजुरीदर २०१७-१८ मध्ये दिवसाला २०१ रुपये होता. म्हणजे योजना सुरू झाली तेव्हा पाच हजार रुपये साधारण २५ दिवसांच्या मजुरीएवढे होते. २०२५-२६ मध्ये तो दर ३१२ रुपये झाला. पाच हजार तेवढेच राहिले आणि त्यांचे मोल १६ दिवसांवर आले. संघटित क्षेत्रातल्या स्त्रीला २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि ती तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. पुण्यातल्या संगणक कंपनीतल्या बाईला १८२ दिवस आणि तिच्या घरी भाजी पोहोचवणाऱ्या रानातल्या बाईला १६! जुलै २०२४ पासून राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजनेत महिन्याला दीड हजार रुपये द्यायला सुरुवात केली, तेव्हा पैसा उभा करण्याची आणि कोट्यवधी खात्यांवर तो वेगाने पोहोचवण्याची ताकद सरकारमध्ये आहे, हे सर्वांनी पाहिले. बहिणीला जे जमले ते बाळंतिणीसाठी का जमू नये, हा प्रश्न विधिमंडळात कुणी तरी जोरात विचारायला हवा. तमिळनाडूने त्याचे उत्तर केव्हाच दिले आहे. तिथली डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची योजना १९८७ मध्ये तीनशे रुपयांनी सुरू झाली आणि २०१८ मध्ये अठरा हजारांवर गेली. रोख आणि पोषक आहाराचे संच मिळून.

केंद्राच्या योजनेचा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाल्याचे दिसते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांनी माहितीच्या अधिकारातील आकड्यांवरून २०२४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, मातृ वंदनेचा प्रत्यक्ष लाभ २०१९-२० मध्ये देशातल्या ३६ टक्के जन्मांपर्यंत पोहोचला होता. २०२३-२४ मध्ये तो नऊ टक्क्यांवर घसरला. दुसऱ्या आवृत्तीचे नवे सॉफ्टवेअर याच काळात आले होते. जुन्या पोर्टलवरची नोंद नव्यावर येईपर्यंत कुणाच्या बाळाने रांगायला सुरुवात केली असेल, कुणाच्या बाळाने चालायला.

या सगळ्या दुव्यांना जोडून धरणारी एकच व्यक्ती गावात असते आणि ती कायम सरकारी नोकर नाही. आशा कार्यकर्ती मानधनावर आणि कामागणिक मोबदल्यावर काम करते, अंगणवाडी सेविका मानधनावर. फॉर्म त्याच भरतात, ओटीपी त्याच मागतात, खाते चुकले की बोलणीही त्याच खातात. स्वतःच्या मोबदल्यासाठी राज्यातल्या आशा २०२३ च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा २०२४ च्या जानेवारीत संपावर गेल्या. अंगणवाडी कर्मचाऱ्यांचा संप डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ असा चालला. त्या आठवड्यांत ज्या गरोदर स्त्रियांचा सहावा महिना सरला, त्यांच्या मुदतीत त्या संपाचे दिवस वजा करण्याची सोय नियमांत नव्हती. केंद्राची रक्कम वाढवणे राज्याच्या हातात नाही, असे उत्तर मंत्रालयातून मिळू शकते. पण तीनशे रुपयांची ती तूट भरून काढणे, माहेरच्या अंगणवाडीला सासरची नोंद पुढे नेण्याची लेखी जबाबदारी देणे आणि गरोदर स्त्रीच्या नावातल्या फरकासाठी ग्रामसेवकाचा दाखला पुरेसा मानला जावा म्हणून केंद्राकडे आग्रह धरणे, एवढे तरी राज्याला करता येण्यासारखे आहे. जननी सुरक्षेचे सातशे रुपये मात्र इतक्या वर्षांनंतरही तेवढेच आहेत.